‘एसीत बसून सल्ले’ : एका कमेंटला उत्तर (लांब आहे)

नमस्कार ‘एक वाचक’,

तुमची कमेंट काल रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण रात्री लिहिलेलं सकाळी डिलीट करावं लागतं हा अनुभव आहे. सकाळी चहा घेऊन परत वाचली, तरी तितकीच झोंबली, म्हणून लिहितेय.

ज्यांनी कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयेल्ट्स ही परदेशात जायला द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या स्पीकिंगमधल्या पार्ट टूबद्दल, म्हणजे क्यू कार्डबद्दल (विषय लिहिलेलं कार्ड देतात, त्यावर बोलायचं), मी लिहिलं होतं की तयार उत्तरं पाठ करू नका, स्वतःच्या आयुष्यातले आठ-दहा प्रसंग बोलून बोलून तयार ठेवा, आणि जे एक मिनिट मिळतं त्यात वाक्यं न लिहिता नुसते शब्द लिहा. त्यावर यांचं म्हणणं : “मॅडम, एसीत बसून सल्ले देणं सोपं असतं. मराठी मीडियमच्या पोराने पाठ केलं नाही तर दोन मिनिटं बोलणार काय?” शिवाय यांच्या मित्राला पाठ करून 7 बँड (म्हणजे या परीक्षेतले गुण) मिळालेत, ज्याच्या हातात दीडच महिना आहे त्याने काय करायचं हे मी सांगितलेलं नाही, आणि लेखात मी ‘पेन’ लिहिलंय पण तिथे पेन्सिल देतात.

पेन्सिल. बरोबर. कागद आणि पेन्सिलच देतात. दुरुस्त केलंय, मनापासून आभार, योग्य टीका मला चालते हे यावरून लक्षात यावं.

आता एसी. माझ्या क्लासच्या खोलीत एसी नाही हो. पंखा आहे, तोही मुलांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करताना बंद करावा लागतो, नाहीतर ऐकताना पोरगं कमी आणि पंखाच जास्त ऐकू येतो. एप्रिलमध्ये दुपारच्या बॅचला येऊन बसा एकदा. तुम्ही म्हणाल एसी म्हणजे बोलायची पद्धत असते, शब्दशः घ्यायचं नसतं. मग काय अर्थाने घ्यायचं? की ही बाई शहरातली, कॉन्व्हेंटवाली, हिला आमचं काय कळणार, असंच ना? मला न विचारता, माझ्याबद्दल काही माहिती नसताना हे ठरवून टाकलंत, तेही स्वतःचं नाव न लिहिता.

तर ऐका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी गिरवायला सुरुवात व्हायची आणि दहावीपर्यंत वर्गात कुणी इंग्रजीत एक वाक्य ‘बोललं’ असं मला आठवत नाही, गुरुजी वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आम्ही उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायचो. पाठांतरात मी वर्गात पहिली होते. आणि कॉलेजात पहिल्यांदा सगळ्यांसमोर इंग्रजीत सेमिनार द्यायची वेळ आली तेव्हा सरांनी मध्येच एक साधा प्रश्न विचारला, प्रश्न कळला, उत्तरही माहीत होतं, पण ते पाठ केलेल्यात नव्हतं, त्यामुळे तोंडातून काही निघेना, आणि पुढचं पाठ केलेलंही गेलं. तेव्हा मराठी मीडियमच्या पोरांची बाजू मला कुणी शिकवू नये. पाठ करू नका हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

बरं, ‘बोलणार काय’ या प्रश्नाचं उत्तर त्याच लेखात होतं, पण तुम्ही बहुतेक पेनपर्यंतच वाचलात. परत सांगते. पार्ट टूमध्ये कार्ड मिळतं, त्यावर विषय आणि खाली तीन-चार मुद्दे, एक मिनिट विचार करायला, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. दोन मिनिटं झाली की एक्झामिनर स्वतःच थांबवतो, थांबवलं म्हणजे बिघडलं असं नाही. कागदावर जे लिहिता त्याला मार्क नसतात, मराठीत लिहा नाहीतर चित्रं काढा. मार्क असतात चार गोष्टींना आणि चारही सारख्याच वजनाच्या : न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. यात ‘विषय किती भारी’ याला मार्क कुठे दिसतात का तुम्हाला? परदेशातल्या कुठल्यातरी म्युझियमवर बोललं म्हणून बँड वाढत नाही. आणि उच्चाराचं म्हणाल तर मराठी वळण असायला हरकत नाही, ऐकणाऱ्याला कष्ट पडायला नकोत एवढंच.

पाठ केलेलं पकडलं जातं ते दोन ठिकाणी. एक, कार्ड थोडं वेगळं येतं. मुलाने पाठ केलेला असतो ‘आवडता खेळाडू’, कार्ड येतं ‘तुम्हाला मदत करणारी वयस्कर व्यक्ती’, आणि मुलगा काहीतरी जोड मारून खेळाडूलाच वयस्कर करतो. दुसरं म्हणजे पार्ट थ्री. तिथे चार-पाच मिनिटं त्याच विषयाशी जोडलेले पण मोठे प्रश्न येतात, समाजात काय बदललं, का बदललं असे, आणि तिथे पाठ केलेलं काही नसतं. पार्ट टूमध्ये घडाघडा बोललेला मुलगा पार्ट थ्रीमध्ये ‘आय थिंक... आय थिंक...’ करत बसला तर समोरच्याला काही कळत नाही असं वाटतं का? एक्झामिनर दिवसभर हेच ऐकत असतो हो.

माझ्याकडे दिंडोरी तालुक्यातला एक मुलगा होता, घरची द्राक्षबाग. मराठी मीडियम, तुमच्या सोयीसाठी सांगते. आधीच्या एका क्लासमधून पीडीएफ घेऊन आला होता, त्यात ‘हवामानामुळे प्लॅन बदलला’ या कार्डाला गोव्याच्या ट्रिपचं उत्तर होतं, बीच, कॉकटेल वगैरे. हा गोव्याला कधी गेलेलाच नव्हता. दुसऱ्या वाक्यानंतर डोळे छताकडे, कारण पुढची ओळ तिथे लिहिलेली असल्यासारखी शोधत होता. मी म्हटलं, हवामानाने तुमच्या घरचा प्लॅन कधी बदलला नाही का रे? तर हसला. गारपिटीची रात्र सांगायला लागला. काढणी चार दिवसांवर, व्यापारी ठरलेला, आणि संध्याकाळी गारा. कागदावर शब्द लिहिले होते गारा, व्यापारी, बाबा, बहिणीची फी, बस. इंग्रजी साधंच होतं, भूतकाळ दोनदा चुकला, ‘हेल’ शब्द मी दिला. पण वाक्याला वाक्य लागत होतं, आणि शेवटचा ‘एक्स्प्लेन’वाला मुद्दा, म्हणजे तुम्हाला कसं वाटलं, त्यावर तर मला हात करून थांबवावं लागलं. मग त्याने तोच प्रसंग ‘कुटुंबाने मिळून घेतलेला निर्णय’, ‘वाट पाहावी लागली असा प्रसंग’ अशा कार्डांना वळवून बोलून पाहिला, दरवेळी रेकॉर्ड करून, ऐकून, एक-दोन चुका सुधारून. तयारी म्हणतात ती हीच. यात एसी कुठे आला?

आणि हो, हे करायला पाठांतरापेक्षा जास्त मेहनत लागते, कमी नाही. ‘सोपं’ हा शब्द तुमचा, माझा नाही.

मित्राचे 7. अभिनंदन त्यांचं. ते स्पीकिंगचे की ओव्हरऑल, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओव्हरऑल हा लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग या चारही मॉड्यूलचा सरासरी बँड असतो, लिसनिंग-रीडिंग चांगलं गेलं तर स्पीकिंगचं दुखणं त्यात झाकलं जातं. एका मित्रावरून मी माझा लेख बदलणार नाही.

दीड महिन्याचं काय, तर तो वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन. ज्याला वेळ कमी आहे त्याने तक्रार करण्यात घालवू नये एवढंच आत्ता म्हणते. (हे तुम्हाला उद्देशून नाही. थोडंसं आहे.)

मतभेदाला माझी ना नाही, इथे आधीही लोकांनी मला खोडून काढलंय, पण त्यांनी आधी लेख पूर्ण वाचला होता आणि ‘मॅडम’ म्हणताना टोमणा मारला नव्हता. पुढची पोस्ट पार्ट थ्रीवर आहे, त्यात शंभर चुका काढा. फक्त नावानिशी या, आणि पेन्सिलीसारखी एखादी खरी चूक घेऊन या, लगेच दुरुस्त करते.