डेकची एकसष्टी

माणसाची एकसष्टी झाली की शाल-श्रीफळ मिळतं. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातल्या डेकची, म्हणजे आपण निवडून बांधलेल्या गठ्ठ्याची, एकसष्टी झाली की टोमणे मिळतात. नियम सांगतो की पत्ते किमान ६० हवेत. वर कितीही चालतील, फक्त ते स्वतःला पिसता आले पाहिजेत. बेसिक लँड सोडून एका नावाचे जास्तीत जास्त चार. (लँड म्हणजे बाकीचे पत्ते टाकायला लागणारी शक्ती, 'माना', देणारे पत्ते; बेसिक म्हणजे त्यातले अगदी साधे.) गणितात पीएचडी केलेल्या रिचर्ड गारफील्डने १९९३ मध्ये हा खेळ आणला, आणि बेरजेत कच्चे असलेले आम्ही तो खेळत बसलो.

स्पर्धेच्या आदल्या रात्री साडेअकराला माझ्यासमोर हटकून ६१ पत्ते असतात. काढायचा कुठला? सगळीच आपली लेकरं. ठेवला तर बिघडतं काय, म्हणून हिशोब करावा तर चार प्रती असलेला पत्ता पहिल्या हातातल्या सात पत्त्यांत दिसण्याची शक्यता ४० टक्क्यांवरून ३९.४ वर येते. एवढंच! इथेच पाय घसरतो. ६१ झाले, मग २४ लँड पुरतील का? घाल पंचविसावा. ६२ झालेच आहेत, तर तो ड्रॅगनही येऊ दे. लग्नाची यादी अशीच वाढते.

लँड हा डेकचा किराणा आहे, पण त्यावर खर्च करायला सगळ्यांच्या जिवावर येतं. ६० मध्ये २४ लँड असतील तर पहिल्या हातात एकच किंवा शून्य लँड येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, म्हणजे सात डावांत एकदा. हौशी माणूस दोन लँड काढून दोन राक्षस घालतो. शक्यता १९ टक्क्यांवर जाते, आणि तो नशिबाला शिव्या देतो. रंगांचंही तेच. पहिल्याच खेपेला हिरवा पत्ता टाकायचा असेल तर हिरवा माना देणारे १४ लँड ठेवा. निदान एक तरी पहिल्या हातात येण्याची शक्यता ८६ टक्के. आठच ठेवलेत तर ६५. तीन रंगांचा डेक दिसतो झकास, पण अर्धा वेळ हातात तिन्ही रंगांचे पत्ते आणि समोर भलत्याच रंगाचे लँड.

साइडबोर्डचे १५ पत्ते म्हणजे माळ्यावरचं सामान: डेकबाहेर ठेवायचे आणि एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन डावांच्या मध्ये अदलाबदल करून आत घ्यायचे. आत काय आणायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, बाहेर काय काढायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. म्हणून प्रत्येक प्रतिस्पर्धी डेकसाठी '+४, −४' असं कागदावर लिहून ठेवा. आणि पुढच्या राउंडआधी डेक पूर्ववत करा. ते विसरणं हा आमचा राष्ट्रीय छंद आहे.

स्लीव्हची, म्हणजे पत्त्यावर चढवायच्या प्लास्टिकच्या कव्हरची, गोष्ट वेगळीच. ७५ पत्ते एकाच पाकिटातल्या स्लीव्हमध्ये घाला आणि त्याच पाकिटातल्या दहा राखून ठेवा. ऐनवेळी बदललेले चार पत्ते कोऱ्या स्लीव्हमध्ये गेले, तर मळक्या ७१ मध्ये ते नव्या नवरीसारखे चमकतात, आणि जज त्याला खुणेचे पत्ते म्हणतो. मुंबईच्या पावसाळ्यात फॉइल, म्हणजे चकचकीत मुलाम्याचा, पत्ता पापडासारखा वळतो, मग गठ्ठा कापताना बोट बरोबर तिथेच थांबतं. हौस बाजूला ठेवा, साधे पत्ते वापरा.

पिसणं घरच्या रमीसारखं नको. ५२ पत्ते नीट मिसळायला सात वेळा पिसावे लागतात, हे बायर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं. स्लीव्ह घातलेले पत्ते टेबलावर फर्रर्र करून पिसले की वाकतात, त्यामुळे आम्ही एक अर्धा गठ्ठा दुसऱ्यात हळूच घुसवतो. पत्ते ढिगांत मांडणं म्हणजे पिसणं नव्हे, ती मोजणी. तीही डावाच्या सुरुवातीला एकदाच. राउंडला ५० मिनिटं असतात. मोजत बसलात तर बरोबरी होईल आणि तीनऐवजी एक गुण मिळेल.

उरली डेकलिस्ट, म्हणजे स्पर्धेआधी द्यायची डेकमधल्या पत्त्यांची यादी. ती चुकली तर गंभीर पातळीच्या स्पर्धेत एक डाव न खेळताच जातो. म्हणून रात्री एक वाजता काळजावर दगड ठेवून तो एकसष्टावा पत्ता बाजूला काढायचा आणि यादीतल्या चाराचे तीन करायचे. मग आठवतं की साडेबाराला, चहा पिताना, हेच एकदा केलं होतं. बेरीज करून बघायची: ५९.