सगळं लागतं, पण सह्याद्री?

काल रात्री जेवताना आमच्या टीव्हीने मला त्याच्याच भावंडाची जाहिरात दाखवली. तेच मॉडेल, तेच त्रेचाळीस इंच, आणि किंमत मी मोजली त्यापेक्षा कमी. मी गणपतीच्या ऑफरमध्ये घेतला. घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तीस हजारांच्या टीव्हीमागे साधारण तेवीसशे रुपये. गेले तर गेले, सरकारपुढे कोणाचं काय चालतं! पण माझ्याच भिंतीवर, माझ्याच विजेवर चालणाऱ्या वस्तूने मला ते तोंडावर ऐकवावं? जाहिरात बंद करायचं बटण शोधलं. ती बंद होत नाही, तिच्या जागी दुसरी येते. दुसरी गुडघेदुखीच्या तेलाची होती. माझ्या गुडघ्यांचं याला कोणी सांगितलं, त्याचा तपास चालू आहे.

तसा हा टीव्ही पहिल्या दिवसापासूनच डोक्यात गेलाय. बसवायला सोलापूरकडचा एक चुणचुणीत मुलगा आला होता. त्याने भिंतीला पहिलं भोक पाडलं आणि समोरचे काका दारात उभे राहिले. ड्रिलचा आवाज झाला की काका येतात. वीज मंडळातून निवृत्त झालेत, त्यामुळे इमारतीत कोणी प्लगला हात लावला तरी तो विषय आपल्या अखत्यारीत येतो अशी त्यांची समजूत आहे. आले, सोफ्यावर बसले, चहाला नको म्हणाले, म्हणजे साखर कमी.

"बाळा, यात सह्याद्री लागतं का?"

"काका, यात सगळं लागतंय."

"सगळं नको. सह्याद्री."

"सगळ्यात सह्याद्री आलं की काका."

"आलं म्हणजे कुठे आलं? दाखव."

आता त्या मुलाला सह्याद्री सोडून सगळं दाखवता येत होतं. त्याने समुद्राखालचे मासे दाखवले. त्याने कुठल्याशा बर्फाळ देशातला हिरवा उजेड दाखवला. रंग बघा काका, म्हणाला. काका म्हणाले, रंग आम्ही ८२ सालच्या एशियाडपासून बघतोय. मग काकांनी त्याला सिंहगडावरच्या टॉवरचा इतिहास सांगायला घेतला. गच्चीवर अँटेना, तिचं तोंड सिंहगडाकडे, गच्चीवर एक जण, जिन्यात एक, खोलीत एक. आलं का? नाही, मुंग्या! थोडी डावीकडे घे!

"याचं तोंड कुठे करायचं?"

"काका, याला वायफाय आहे."

"ते कळलं. तोंड कुठे?"

त्या मुलाने सुटका म्हणून रिमोट काकांच्या हातात दिला. हे माइकचं बटण दाबून बोला, तो ऐकतो, म्हणाला. काकांनी रिमोट तोंडाजवळ धरला आणि ट्रंक कॉल लावल्यासारखे ओरडले, "सह्याद्री!" टीव्हीने हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या पोरांचे व्हिडिओ लावले. एक जण कोकणकड्यावर पालथा पडून खाली डोकावत होता. काका दोन मिनिटं काळजीने बघत बसले. "याचे आईवडील काही बोलत नाहीत का?" मग भानावर येऊन पुन्हा बटण दाबलं. "बातम्या!" आठ चौकटी उघडल्या आणि आठ माणसं एकदम बोलायला लागली. "बातम्या म्हटलं मी," काका रिमोटला म्हणाले, "भांडणं नाही."

हे सगळं नंतर झालं. त्याआधी वायफायचा पासवर्ड टाकायचा होता, आणि मला जे लागलंय ते तिथे लागलंय. पासवर्ड बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर सरकत टाकायचा असतो. त्या मुलाने आल्या आल्या 'पासवर्ड दाखवा'वर खूण केली होती, चुकायला नको म्हणून. त्यामुळे त्रेचाळीस इंचांवर, चॅनेलवाल्यांच्या ब्रेकिंग न्यूजएवढ्या अक्षरांत माझा पासवर्ड उमटत गेला आणि काका तो मोठ्याने वाचत गेले. दार उघडंच होतं.

"पी. मोठा पी. आय, टी, एच... पिठलं! अहो, तुमचा पासवर्ड पिठलं आहे?"

"पुढे आहे अजून काका."

"पुढे काय, भाकरी?"

पुढे भाकरीच होती. बाहेर लिफ्टसाठी थांबलेल्या दोघी हसल्या.

"भाकरीला बी-एच लागतो. तुम्ही नुसता बी घातलाय. आणि हा ॲट कशाला?"

"सुरक्षेसाठी."

त्या संध्याकाळपासून आमचं नेट मंद आहे. राउटरच्या यादीत न ओळखीचे फोन दिसतात. पासवर्ड बदलावा म्हटलं तर टीव्हीत पुन्हा बाणांनी टाकावा लागणार, आणि काका घरीच असतात.

एक मात्र म्हणेन, टीव्ही सुरू करताना ज्या अटी मान्य करायला लावतात, त्या वाचणारा माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे काका. तो मुलगा 'सर्व मान्य'वर मान्य करत सुटला होता, तेवढ्यात काका म्हणाले, थांब, वाचू दे. चष्मा लावून टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभे राहिले आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. मुलगा घड्याळ बघत होता. त्याला अजून कात्रजला एक आणि हडपसरला एक बसवायचा होता.

"हे नाकारलं तर काय होतं?"

"काही फीचर चालत नाहीत."

"कुठले?"

"ते नाकारल्यावर कळतंय काका."

मला हे वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आता वाटत नाही. हे टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे थोड्या थोड्या वेळाने ठसे घेतात आणि यादीशी ताडून तुम्ही काय बघताय ते ओळखतात. चित्र ॲपमधून आलेलं असो की केबलवरून. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवर हा उद्योग गिऱ्हाइकाला धड न सांगता केल्याचा आरोप झाला. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं गेलं. भागिले तर टीव्हीमागे वीस सेंट. त्याच्या दोन वर्षं आधी सॅमसंगच्या अटींत एक ओळ सापडली होती की, आवाजाने टीव्ही चालवताना तुम्ही काही खासगी बोललात तर तेही टिपलं जाऊन तिसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतं. बोंबाबोंब झाल्यावर ती ओळ बदलली. टीव्ही इतके स्वस्त कसे झाले, असं आपण कौतुकाने विचारतो ना? घेतल्यानंतरही आपण रोज हप्ता भरतोच आहोत. फक्त पावती मिळत नाही.

आणि एवढं करून चित्र तरी नीट दिसावं! सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने रचून त्यात घुसडतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. हे सेटिंग बहुतेकदा कारखान्यातूनच चालू करून पाठवतात. त्यामुळे कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. विमानाला बाहेरून लटकणाऱ्या टॉम क्रूझलासुद्धा २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून, बाबांनो हे बंद करा, असं सांगावं लागलं. आमच्याकडे ते सेटिंग मेनूच्या पोटात, त्या मेनूच्या पोटात आणि भलत्याच नावाने होतं. मी बंद केलं. पुढचं अपडेट आलं आणि ते आपोआप पुन्हा चालू झालं.

आईची मागणी फारच छोटी आहे. तिला रिमोटवर आकडे हवेत. तिला चॅनेलचे नंबर पाठ आहेत, नात्यातल्या वाढदिवसांसारखे नाहीत, खरेच पाठ. नव्या रिमोटवर एक ते नऊ नाहीतच. त्याऐवजी ॲपवाल्यांची चार रंगीत बटणं आहेत, ज्यांतल्या तिघांचे पैसे आम्ही भरलेले नाहीत. सोफ्यावर कोणी रिमोटवर बसलं की सातासमुद्रापारच्या कंपनीचं पान उघडतं आणि कार्डाचा नंबर मागतं. म्हणून आई केबलचा जुना रिमोट वापरते, आणि त्याच्याआधी या रिमोटने इनपुट बदलावं लागतं. म्हणजे आई हाक मारते आणि मी बदलतो. स्मार्ट म्हणून जे काही घरात आलं, ते शेवटी माझ्याच गळ्यात पडलं.

बसवणारा मुलगा जाताना म्हणाला होता, डेमो देणारा वेगळा येणार. तो आला पुढच्या आठवड्यात. काका होतेच. त्याने पाच मिनिटांत मासे आणि हिरवा उजेड दाखवला, फोन काढला आणि म्हणाला, "सर, एक ओटीपी आलाय तो सांगा, आणि पाच स्टार द्या."

"पाच कशाबद्दल?" काका.

"डेमोबद्दल, काका."

"सह्याद्री लावून दाखव. मग पाच."

"केबलचा बॉक्स आमच्याकडे येत नाही. तुमचा केबलवाला बघेल."

"मग साडेतीन."

"साडेतीन नसतात काका. आणि चारच्या खाली गेलं की मला ऑफिसातून फोन येतो."

मी पाच दिले. मुलाचा काय दोष? फोन त्याला येणार, टीव्हीला थोडाच येणार आहे! टीव्हीला स्टार द्यायची सोय त्या ॲपमध्ये नव्हतीच. काकांनी मला याबद्दल अजून माफ केलेलं नाही. जिन्यात भेटले की म्हणतात, "तुमच्यासारख्यांमुळेच हे लोक सोकावलेत." हे म्हणताना त्यांच्या हातातल्या फोनवर सह्याद्रीच्या सातच्या बातम्या चालू असतात, अगदी न अडखळता, आमच्या पिठलं-भाकरीवर.