निशात बाग अर्ध्या तासात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. श्रीनगरच्या निशात बागेवर मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं: बागेचे एकावर एक चढणारे बारा टप्पे लिहिलेत, प्रत्यक्षात तेवढे भरत नाहीत. निम्मी कारंजी बंद होती, त्याचा लेखात उल्लेखच नाही. आणि श्रीनगरचीच शालीमार बाग पाहिल्यावर इथे 'तीच हिरवळ, तीच फुलं', निशात तुमची अर्ध्या तासात बघून झाली. तिच्यासाठी अर्धा दिवस ठेवायला सांगून मी लोकांची दिशाभूल केली.

टप्प्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, चूक माझी. नूरजहानचा भाऊ आणि मुमताज महलचा बाप आसफ खान याने 1633 साली ही बाग केली, तेव्हा बारा राशींचे बारा टप्पे थेट दल सरोवराच्या पाण्यापासून वर चढत होते. पुढे काठाने रस्ता झाला आणि बागेचा अगदी खालचा भाग त्यामुळे तुटला. वाचलेला आकडा मी आज दिसत असल्यासारखा लिहून टाकला. कारंज्यांचंही तेच. मी गेलो तेव्हाही सगळी चालू नव्हती, ते लिहायला हवं होतं.

अर्ध्या तासाचं मात्र मला पटत नाही. पहिल्या खेपेला मीही तसाच गेलो होतो. टॅक्सी फाटकाशी थांबली, ड्रायव्हरने अर्ध्या तासात या म्हणून बजावलं, आम्ही काश्मिरी पोशाखात फोटो काढले आणि परत फिरलो. छान उद्यान आहे, एवढंच डोक्यात राहिलं. दुसऱ्या खेपेला शिकाऱ्यातून गेलो. पाण्यावरून बघताना बाग आडवी पसरलेली नसते, उभी दिसते. एकावर एक टप्पा, दोन्ही अंगांना चिनार आणि मागे झबरवानचा डोंगर. बाग कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते लांबून कळत नाही. मूळची वाट हीच, तळ्यातून येणारी. आपण रस्त्यावरून शिरतो आणि तिला मुकतो.

मी कोकणातला. आमच्या आगरात पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पाटाने येतं. उतार जास्त झाला तर माती धुऊन जाते, कमी झाला तर पाणी तुंबतं, हे आजोबांच्या मागे कुदळ घेऊन फिरताना शिकलो. त्यामुळे असेल, निशातमध्ये माझं लक्ष फुलांपेक्षा पाटाकडेच गेलं. डोंगरातून आलेलं पाणी बागेच्या मधोमध सरळ खाली उतरतं. टप्पा बदलतो तिथे ते तिरक्या दगडी फळीवरून सोडलंय. तिला चादर म्हणतात. एका चादरीपाशी मी चांगला वेळ बसून होतो. दगडावर खवल्यांसारखी नक्षी कोरली आहे. वर बोटभर खोलीचं, काचेसारखं पाणी त्या खवल्यांवर आपटलं की फुटतं आणि पांढरं होऊन खाली जातं. वरून चिनाराचं एक वाळलेलं पान आलं, खवल्यात अडकलं, आणि तेवढ्या जागेचा आवाज बदलला. एका माळ्याने येऊन काठीने ते ढकललं आणि काही न बोलता पुढच्या चादरीकडे गेला. त्याचं रोजचंच काम असणार.

कारंज्यांमागेही मुळात हाच उतार. पंप नव्हता, इंजिन नव्हतं. वरच्या टप्प्यावरच्या पाण्याचा दाब खालच्या तोटीतून उसळायचा. बंद कारंजं बघून तुम्ही चिडलात ते रास्तच आहे. 2010 पासून काश्मीरच्या ज्या सहा मुघल बागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यांतली ही एक. तिथे तोट्या कोरड्या दिसाव्यात याचं मलाही वाईट वाटतं.

शालीमारशी तुलना तुम्ही केलीत म्हणून सांगतो. तो जहांगीराने 1619 मध्ये केला. बादशाही बाग, त्यामुळे दरबाराचा भाग वेगळा, जनान्याचा वेगळा, आणि चढ अगदी सौम्य. निशात वजीर आसफ खानाची, दरबाराची गरज नाही आणि चढ खडा. शाहजहानला ती इतकी आवडली की त्याने तीनदा तोंडभरून स्तुती केली, आसफ खानाने तरी ती त्याला भेट दिली नाही, तेव्हा बादशहाने पाणीच तोडलं, अशी कथा तिथे सांगतात. खरीखोटी कशीही असो, पाणी बंद केलं की या बागेत काही उरत नाही हे ती सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा गेलात तर शिकाऱ्यावाल्याला निशातच्या घाटाला लावायला सांगा, रस्ता ओलांडा आणि पाटाच्या कडेने थेट वरच्या जनान्याच्या उंच भिंतीपर्यंत चालत जा. तिथून मागे वळून तळं बघा. लेखातलं टप्प्यांचं वाक्य आजच दुरुस्त केलंय आणि बंद कारंज्यांचंही लिहिलंय. 'अर्धा दिवस' मात्र तसाच ठेवला आहे.