ऐंशी आणि त्र्याण्णवच्या मधले

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात उशीर होतो, ही तक्रारच मला मान्य नाही. उशीर व्हायला आधी वेळ ठरलेली असावी लागते. यूएससीआयएसच्या, म्हणजे या खात्याच्या, साइटवर ‘प्रोसेसिंग टाइम’ म्हणून जो आकडा झळकतो, तो म्हणजे गेल्या सहा महिन्यांत निकाली निघालेल्या केसेसपैकी ८० टक्के जेवढ्या काळात उरकल्या तो काळ. ज्या अजून लोंबकळताहेत, त्या या हिशोबात धरलेल्याच नसतात. पास झालेल्यांचाच निकाल लावला की शाळा कशी गुणी दिसते!

बरं, आकडा ओलांडला म्हणून विचारायची सोय झाली असंही नाही. ‘माझ्या केसचं काय झालं?’ हा प्रश्न साधारणपणे ९३ टक्के केसेस जेवढ्या काळात उरकल्या, ती मुदत उलटल्यावरच स्वीकारला जातो. मधले १३ टक्के त्रिशंकू. उशीर झालाय हे सरकारला मान्य, पण त्याबद्दल बोलायचं नाही!

कधी बोलायचं ते साइटच सांगते. फॉर्म, त्याचा प्रकार आणि ऑफिस निवडा, मग तारीख घाला. इथे भलेभले घसरतात, कारण आय-४८५ च्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या, नोटिशीवर तीन-तीन तारखा असतात: अर्ज मिळाल्याची, नोटीस छापल्याची आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची जागा ठरवणारी. घालायची ती पहिली. तिसरी घातलीत तर साइट म्हणेल, बिनधास्त विचारा, आणि खातं म्हणेल, अजून वेळ आहे.

तोवर गप्पा मारायला एमा आहे. ही साइटवरची यांत्रिक मदतनीस. स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यात जिच्या ओळी लावल्या आहेत, त्या कवयित्रीचं नाव हिला दिलंय. ओळी दमल्या-भागल्यांना या म्हणतात, ही लिंक देते. फोनवरचं यंत्रही तेच करतं. चिकाटीने माणूस मिळवलात, तर पावती क्रमांक विचारतो, तीन अक्षरं आणि दहा आकडे, आणि तुमच्या स्क्रीनवर जे दिसतंय तेच मोठ्याने वाचून दाखवतो. केस उघडून बघू शकणारा अधिकारी वरच्या पायरीवर असतो. तो तुम्हाला उलट फोन करणार. कधी? त्याच्या सवडीने. तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असणार, हे गृहीत धरा.

नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या आपल्या मंडळींची गंमत वेगळीच. या वर्गाला वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायका-मुलंही धरलेली, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारताला जी, तीच आइसलँडला. मग कुठल्या प्रायॉरिटी डेटपर्यंत नंबर लागला ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन पंचांगासारखं उघडायचं. तारीख पुढे सरकते, थांबते आणि कधी चक्क मागेही जाते. ती मागे गेली की तुमच्या फायलीत खोट नसली तरी मंजुरी अडते. तेव्हा फोन करणं म्हणजे निव्वळ घसा दुखवून घेणं.

यात देश धरतात तो पासपोर्टचा नाही, जन्माचा. आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्मदेश दुसऱ्यालाही लावून घेता येतो. नागपूरच्या इंजिनिअरची बायको मस्कतमध्ये जन्मलेली असली, तर तो ओमानच्या रांगेत उभा राहतो. स्थळं बघताना लोक अजून गोत्र का विचारतात, कळत नाही.

सगळे उपाय थकले की आपल्या मतदारसंघातल्या खासदाराचं, म्हणजे काँग्रेसमनचं, ऑफिस गाठावं. मत द्यायचा हक्क नसला तरी चालतं, पैसे पडत नाहीत. माहिती उघड करायच्या परवानगीचा फॉर्म मात्र सही करून द्यावा लागतो, नाहीतर खातं त्यांनाही दाद देत नाही. तिथली माणसं खरंच सौजन्याने वागतात. नेटाने विचारतात, पाठपुरावा करतात, आणि मग रीतसर उत्तर मिळवून तुम्हाला कळवतात: आपली केस प्रलंबित आहे.