काका, मागचं चाक बसलंय!

पुण्याच्या रस्त्यावर कुणी कुणाला वाट देत नाही, पण तुमच्या गाडीचं चाक बसलं की अख्खं शहर तुमचं नातेवाईक होतं. स्कूटरवरची मुलगी काचेवर टकटक करते, रिक्षावाला अर्धा बाहेर वाकून बोट दाखवतो, पीएमपीच्या खिडकीतून एखादे आजोबा ओरडतात, "काका, मागचं चाक बसलंय!" मला ते आधीच कळलेलं असतं. पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडवत नाही, म्हणून मी दरवेळी नव्याने दचकतो.

आमच्या भागात जिकडेतिकडे इमारती उठतायत आणि त्यांचे खिळे रस्त्यावर उतरतायत. पावसाळ्यात तर विचारू नका. ओलं रबर लवकर चिरतं, पाणी खिळ्याला वंगणाचं काम करतं, असं आमच्या टायरवाल्या अण्णांनी मला समजावून सांगितलंय. पावसाळा हा त्यांचा हंगाम असल्यामुळे ते हे फार प्रसन्नपणे सांगतात.

पंक्चरपेक्षा मला भीती वाटते ती स्टेपनीची. आमच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे. टाकीखाली स्टेपनी. टाकीवर छत्र्या, जुन्या चपला, बॅडमिंटनची रॅकेट आणि हिने 'देऊन टाकायला' ठेवलेल्या कपड्यांचं गाठोडं. हे सगळं भर रस्त्यात फूटपाथवर मांडलं की लोकांना सेल लागल्यासारखं वाटतं. एका बाईंनी रॅकेटचा भाव विचारला होता. पुढे जॅक. त्यापुढे नट. हे नट गॅरेजमधल्या पोराने एअर गनने आवळलेले असतात आणि उघडायचे मात्र माझ्या पन्नाशीतल्या मनगटाने. शेवटी पान्यावर उभं राहून उड्या माराव्या लागतात. आणि एवढं करून स्टेपनी बाहेर काढावी, तर तिच्यातही हवा नसते.

२०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. सरकारच्या ज्या थोड्या निर्णयांनी माझे डोळे पाणावलेत त्यातला हा एक. पण त्या दाब दाखवणाऱ्या यंत्रणेचंही एक दुखणं आहे, आणि ते शेजारच्या कुलकर्ण्यांकडे पाहून मला कळलं. पारा साधारण साडेपाच अंशांनी उतरला की टायरमधली हवा एक पॉइंटने उतरते. त्यामुळे डिसेंबरात पहाटे त्यांच्या गाडीत पिवळा दिवा लागतो, ते स्वेटर घालून पेट्रोलपंपावर जातात, आणि दुपारी ऊन तापलं की हवा जास्त झाली म्हणून पुन्हा जातात.

अशा परिस्थितीत माझा भाचा घरी आला. तो चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात डिझाइनला आहे. माझ्या हाताचं काळं पाहून म्हणाला, "मामा, तू अजून हवेवर गाडी चालवतोस?"

त्याने मोबाइलवर बिनहवेचं चाक दाखवलं. मध्ये धातूची चकती, बाहेर रबराचा पट्टा, आणि दोहोंच्या मध्ये वाकणारे, लवचिक आरे. "हवाच नसेल तर जाणार काय?" तो म्हणाला. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण आई शेजारी शेंगा सोलत बसली होती.

"हे बैलगाडीचं चाक की रे," ती म्हणाली. "तुंबा, आरे आणि धाव. त्याला कुठे पंक्चर होत होतं?"

"आजी, फरक आहे. बैलगाडी खालच्या आऱ्यावर उभी असते. यात गाडी वरच्या आऱ्यांना लटकलेली असते."

"लटकलेल्या गाडीत मी बसायची नाही," असं म्हणून आईने चर्चा संपवली. पण माझ्या डोक्यात तिचा प्रश्न राहिला. लाकडी चाकाला पंक्चर होत नव्हतं, मग ही हवा आली कुठून? तर तिचं खापर एका बापाच्या मायेवर फुटतं. बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. पोराच्या तीनचाकीला भरीव चाकं, रस्ता दगडी, पोरगं हादरे खात होतं. डॉक्टरांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंटही घेतलं. खरं तर रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने चाळीसेक वर्षं आधीच ही कल्पना नोंदवली होती, पण तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. एका पोराच्या बुडाची काळजी घेतली आणि जगभरातल्या बापांना पान्यावर उड्या मारायला लावल्या!

भाचा गेल्यावर मी जरा खोलात गेलो. मिशेलिन या टायर कंपनीने बिनहवेचं चाक २००५ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडलं. ते चाललंही, पण गवत कापायच्या यंत्रांना आणि माती उचलणाऱ्या छोट्या लोडरना. ब्रिजस्टोनने २०११ मध्ये टोकियोत आपलं दाखवलं. २०१९ ला मिशेलिन आणि जनरल मोटर्स दोघे मिळून म्हणाले की २०२४ पर्यंत मोटारींना बसवू. सिंगापुरात कुरिअरच्या काही गाड्यांना ती बसलीही. माझ्या गल्लीत २०२४ आलं, गेलं, आणि अण्णांच्या दुकानापुढची रांग होती तेवढीच राहिली.

अडतं कुठे? मोटार ताशी शंभरने धावते तेव्हा चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं, आणि दर फेरीला प्रत्येक आरा ताणला जातो नि सैल पडतो. त्यात तो तापतो. वेग वाढला की घरघर वाढते, हादरे जाणवतात. हवेचं बरं असतं, ती दाबली जाते नि परत फुगते, थकत नाही. शिवाय फुकट मिळते. वाळूत चाक रुतलं तर थोडी हवा सोडून बाहेर निघता येतं. कोकणात पुळणीवर गाडी घालून भरतीची वाट बघणाऱ्या आमच्या पुणेकर बांधवांना ही शेवटची आशासुद्धा उरणार नाही. (ती उरू नये, असंही एक मत आहे. माझंच.)

आणि हवा काढून टाकली की चाक अमर होतं, असंही नाही. चंद्रावर १९७१ साली जी मोटार फिरली तिची चाकं तारेच्या जाळीची होती. छान चालली, पण तिला चाकणच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंड करायचं नव्हतं. मंगळावर २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीची चाकं अ‍ॅल्युमिनियमची, भरायला हवा नाही, फुटायला ट्यूब नाही. वर्षभरात अणकुचीदार दगडांनी त्यांना भोकं पडली. जिथे एकही इमारत उठत नाही तिथेही!

तरीसुद्धा हे चाक उद्या परवडणाऱ्या भावात आलं तर मी घेईन. घरघर ऐकू येईल म्हणता? आमच्या गाडीत मागे मुलं, शेजारी ही आणि रेडिओ असताना टायर ऐकायला जागा नाही. हादऱ्यांचं म्हणाल तर ते आपले रस्ते देतातच, चाकाने त्यात काय भर घालायची? समृद्धी महामार्गावर २०२५ मध्ये काँक्रीटच्या भेगा भरायला लावलेल्या नळ्यांवरून रात्री गाड्यांचे टायर फुटले, तेव्हा तिथे अडकलेल्या माणसाला विचारा त्याला घरघर चालली असती का!

परवा पुन्हा पंक्चर. अण्णांनी साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे पाहिले, खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. ते रबराची पट्टी आत सारत असताना मी त्यांना मोबाइलवर ते चाक दाखवलं. पोटावर पाय येणारी बातमी, म्हणून जरा हळूच. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. चाकाच्या आरपार पलीकडचं दिसत होतं.

"यात खडी अडकणार, साहेब. आणि आपला चिखल. वाळला की चाक थरथरणार."

"मग?"

"मग काय, हवा मारून साफ करायचं." त्यांनी कॉम्प्रेसरकडे मान वळवली. "एका चाकाचे शंभर. चारी करून घेतलीत तर साडेतीनशे."