रिन्सलेस धुलाईने गाडीचा रंग खराब होतो, या दाव्याला उत्तर

मोटारमालकांच्या आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वरचेवर फिरत असतो. घरी येऊन गाडी धुऊन देणारे अनेक डिटेलर, म्हणजे गाड्यांची बारकाईने स्वच्छता करणारे व्यावसायिक, आता पाइप आणि प्रेशर वॉशर बाजूला ठेवून रिन्सलेस धुलाईकडे वळले आहेत. बादलीभर पाण्यात थोडे द्रावण मिसळून ते गाडी धुतात आणि नंतर वरून स्वच्छ पाणी ओतत नाहीत. अशा लोकांपासून सावध राहा, असे हा संदेश सांगतो आणि त्यासाठी चार कारणे देतो. पाण्याचा मारा न करता कापड लावल्यामुळे धूळ रंगावर घासली जाते व ओरखडे पडतात. न धुतलेले रसायन रंगावर साचून वरचे संरक्षक कोटिंग खराब करते. ही पद्धत केवळ धंदेवाल्यांच्या सोयीची आहे. आणि फडकी धुवायला तेवढेच पाणी लागत असल्यामुळे पाण्याची बचतही होत नाही. यातला पहिला आरोप सर्वांत गंभीर असल्यामुळे त्याला अधिक जागा देणे योग्य ठरेल.

ओरखडा कशामुळे पडतो, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा जो पारदर्शक थर असतो, तो साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ पोलादी चाकूच्या पात्यापेक्षाही कठीण असते. असा कण कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडून दाबाखाली सरकला की रेघ उमटते. त्यामुळे गाडीवरून किती लिटर पाणी वाहिले, यापेक्षा कापड टेकते त्या क्षणी कण कोणत्या अवस्थेत होता आणि कापडाने उचलल्यावर तो कोठे गेला, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

प्रेशर वॉशरने सुटी माती निघून जाते, हे खरेच आहे. परंतु धूर, तेलकट वाफ आणि बारीक धूळ यांचा जो पातळ पापुद्रा रंगाला चिकटलेला असतो, तो केवळ पाण्याच्या माऱ्याने सहसा निघत नाही. धुऊन सुकलेल्या बॉनेटवरून बोट फिरवले तरी त्याची रेघ दिसते. त्यामुळे पाण्याचा मारा करणाऱ्यालाही शेवटी स्पंज किंवा मिट (गाडी धुण्याचा हातमोजा) फिरवावाच लागतो. वॉशिंग सेंटरमध्ये तोच स्पंज आधीच्या गाडीच्या चाकांवरून फिरलेला असेल, तर त्यापूर्वी शंभर लिटर पाणी ओतले होते की दोनशे, याने रंगाला काहीच संरक्षण मिळत नाही.

रिन्सलेस द्रावणात पृष्ठताण कमी करणारे घटक असतात आणि त्यांच्या जोडीला पॉलिमर असतात. हे पॉलिमर मळाच्या कणाला वेढतात, रंगावर निसरडा थर धरतात आणि एकदा सुटलेला कण पुन्हा बसू देत नाहीत. मात्र त्यांना काम करायला वेळ द्यावा लागतो, म्हणून एकेका भागावर द्रावण भरपूर फवारून मिनिट-दोन मिनिटे थांबायचे असते. त्यानंतर द्रावणात भिजलेले मायक्रोफायबरचे फडके, दोनदा दुमडून आठ बाजू मिळवलेले, दाब न देता सरळ रेषेत फिरवायचे आणि प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. टपापासून सुरुवात करून दरवाजांचे खालचे भाग शेवटी घ्यायचे आणि चाकांसाठी बादली व फडकी वेगळी ठेवायची. अमेरिकेत गॅरी डीन पद्धत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात अनेक फडकी एकाच बादलीत आधीच भिजवून ठेवतात आणि वापरलेले फडके पुन्हा त्या बादलीत जात नाही. मला ही पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते, कारण उचललेला मळ रंगाकडे परत येण्याचा मार्गच त्यात उरत नाही.

मग हा आरोप इतक्या लोकांना पटतो कशामुळे? माझ्या मते, त्यामागे आपल्या सोसायट्यांमधले रोजचे दृश्य आहे. पहाटे येऊन गाड्या पुसणारी माणसे एक बादली साधे पाणी आणि एक फडके घेऊन ओळीने कितीतरी गाड्या पुसतात. ठरलेल्या महिन्याच्या पैशांत आणि हाती असलेल्या वेळात त्यांना दुसरे काही शक्यही नसते. अशा गाड्यांच्या काळ्या रंगावर उन्हात बारीक ओरखड्यांची जी गोल जाळी दिसते ती खरी आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तीच पाहिलेली असावी. पण तिथे द्रावण नसते, मळ भिजायला वेळ मिळत नाही, फडके बदलत नाही आणि घाण झालेले तेच पाणी पुढच्या गाडीला लागते. या कामाचे दोष रिन्सलेस पद्धतीच्या माथी मारता येत नाहीत. उलट कोणी डिटेलर रिन्सलेसचे पैसे घेऊन दोनच फडक्यांत आख्खी गाडी उरकत असेल, तर त्याच्यावर हा आरोप तंतोतंत लागू होतो आणि तो केलाच पाहिजे.

या पद्धतीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. पावसाळ्यात कोकणातून लाल मातीने माखून आलेल्या किंवा बांधकामाच्या रस्त्यावरून चिखल घेऊन आलेल्या गाडीला थेट फडके लावणे चुकीचेच आहे. चाकांच्या कमानींतला आणि गाडीच्या पोटाखालचा चिखल वाहत्या पाण्यानेच काढावा लागतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना तर खारट हवेमुळे खालचा पत्रा अधूनमधून पाण्याने धुऊन घेणे भाग असते. अशी गाडी समोर आली की डिटेलरने आधी पाण्याची सोय मागावी किंवा काम पुढे ढकलावे. डांबराचे ठिपके, वाळलेले किडे आणि पक्ष्यांची विष्ठा यांनाही वेगळे उपचार लागतात. पण शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि आठवड्या-पंधरवड्याने धुतल्या जाणाऱ्या गाडीवर बहुतेक वेळा फक्त धूळ आणि धुराचा थर असतो, आणि त्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे.

दुसरा आरोप रसायन साचण्याचा. नेहमीचा फेसाळ शॅम्पू न धुता ठेवला तर त्याचे डाग पडतात, या अनुभवावरून हा समज तयार झालेला दिसतो. रिन्सलेस द्रावण मुळातच कमी फेसाचे आणि वाळल्यावर त्रास न देणारे असे बनवलेले असते. ऑप्टिमम कंपनीच्या ‘नो रिन्स’सारख्या उत्पादनाचे धुण्यासाठीचे प्रमाण एकास 256 आहे, म्हणजे आठ लिटर पाण्यात सुमारे 30 मिलिलिटर. त्यातलाही बराचसा भाग पुसणाऱ्या फडक्यांत जातो आणि जो सूक्ष्म थर राहतो तो मेणाला वा सिरॅमिक कोटिंगला उतरवत नाही. बिघाड होतो तो ‘जास्त घातले तर जास्त स्वच्छ होईल’ या समजुतीने अंदाजे ओतल्यावर. मग काचेवर आणि काळ्या रंगावर ओशट पट्टे दिसतात. मापाचा कप वापरला की ही तक्रार उरत नाही.

डागांचाच विचार करायचा तर आपल्याकडे पाण्यातल्या क्षारांची काळजी अधिक करायला हवी. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाइपने मारले की थेंब पुसण्यापूर्वीच सुकतात आणि मागे पांढरे ठसे राहतात. ते जुने झाले की काही वेळा पॉलिश करूनच काढावे लागतात, म्हणजे क्लिअर कोट घासूनच. रिन्सलेस धुलाईत सावलीत एकेक भाग धुऊन लगेच कोरडा करतात, त्यामुळे थेंब सुकायला थांबतच नाही.

तिसऱ्या आरोपाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ही पद्धत डिटेलरच्या सोयीची आहेच. पाण्याची टाकी, पंप आणि जनरेटर वाहून न्यावा लागत नाही, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये जिथे पाणी वाहून जायला जागा नसते तिथेही काम करता येते. त्याच सोयीमुळे ग्राहकाची गाडी जागेवर धुतली जाते आणि शेजाऱ्याच्या गाडीखाली डबके साचत नाही. एखादी गोष्ट करणाऱ्याला सोयीची आहे, एवढ्यावरून ती गाडीला हानिकारक ठरत नाही. त्यासाठी लागणारी फडक्यांची खरेदी आणि निगा हा डिटेलरवर पडणारा नवा खर्च आहे, त्याचा मात्र संदेशात उल्लेखही नाही.

राहिला पाण्याचा हिशेब. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतो आणि साधा पाइप त्याहून बराच जास्त, त्यामुळे पाइपने वीस मिनिटे धुतले तर शंभर लिटरचा आकडा सहज ओलांडला जातो. रिन्सलेसला आठ-दहा लिटर लागतात. आता फडकी घेऊ. चाळीस सेंटिमीटर चौरस, 350 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाचे) एक फडके 56 ग्रॅमचे असते. अशी दहा फडकी आणि कोरडे करायचा एक मोठा टॉवेल मिळून एका गाडीमागे कोरडे वजन किलोभरही होत नाही. सात किलोच्या मशीनमध्ये पाच गाड्यांची फडकी आरामात एकत्र धुता येतात आणि अशा एका धुण्याला साठ लिटर धरले तरी गाडीमागे बारा लिटर पडतात. सगळे मिळून वीस-बावीस लिटर. फडकी धुताना सुती कपडे आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा लागतो, कारण सॉफ्टनरने तंतूंवर थर बसून त्यांची मळ पकडण्याची ताकद जाते.

हा फरक कागदावरचा नाही. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून 5,000 रुपयांचा दंड ठरवला, आणि त्याच वर्षी मेअखेरीस दिल्लीत पाइपने गाडी धुणाऱ्यांना 2,000 रुपयांचा दंड लागू झाला. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या पुण्यातल्या काही सोसायट्याही आपल्या नियमांत पाइपने गाडी धुण्यास बंदी घालतात. शिवाय पाइपचे मळकट पाणी पार्किंगमधून बहुधा पावसाळी गटारात आणि तिथून नाल्यात जाते. रिन्सलेसचे उरलेले पाणी बादलीत असते, आणि ते सांडपाण्याच्या जोडणीत, म्हणजे संडासात किंवा मोरीत ओतणे डिटेलरच्या हातात असते.