आठ तासांत सीएनए? त्या फॉरवर्डमधलं खरं आणि खोटं

सध्या एक मेसेज फिरतोय. अमेरिकेतल्या एडिसन आणि फ्रीमाँट या शहरांच्या मराठी ग्रुपांवर तो दिसतो, तसाच नाशिक-नागपूरकडच्या नर्सिंगच्या मुलींच्या ग्रुपांवरही. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणजेच सीएनए व्हा. आठ तासांचा ऑनलाइन कोर्स, घरबसल्या सर्टिफिकेट. पन्नासही राज्यांत चालतं. भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा जीडीए (शुश्रूषा-मदतनिसाचा कोर्स) केलं असेल तर परीक्षाही नाही. तासाला 40 डॉलर. एच-4 वर चालतं, भारतातून येणाऱ्यांना व्हिसा मिळतो, आणि दोन वर्षांत नर्स. जागा थोड्या, आजच फी भरा.’

मी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना राहायला ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेत, नर्स आहे आणि नव्याने लागलेल्या सीएनएंना, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या शुश्रूषा-मदतनिसांना, हाताशी धरून शिकवते. हा मेसेज वाचून मला विचारणाऱ्या बहुतेक बायका घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे भरायला निघालेल्या असतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते आठ तास. हा आकडा हवेतून आलेला नाही. मार्च 2020 मध्ये करोनामुळे नर्सिंग होममध्ये माणसं मिळेनात, तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारने प्रशिक्षणाच्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. नर्सिंग होमचालकांच्या संघटनेने आठ तासांचा एक मोफत ऑनलाइन कोर्स काढला. तो करणाऱ्यांना ‘टेम्पररी नर्स एड’, म्हणजे तात्पुरत्या मदतनीस, म्हणून कामावर घेता येत होतं. पण ती सवलत जून 2022 मध्ये मागे घेतली गेली, आणि ज्या आरोग्य-आणीबाणीच्या आधारावर ती उभी होती ती आणीबाणीही 11 मे 2023 रोजी संपली. म्हणजे जे तेव्हाही तात्पुरतं आणि फुकट होतं, ते आज कायमचं म्हणून पैसे घेऊन विकलं जातंय. याचा मला मनापासून राग येतो.

आजचा नियम 1987 च्या केंद्रीय कायद्यातून आलेला आहे. त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या वैद्यकीय सल्लागार संस्थेचा नर्सिंग होमच्या दुरवस्थेवरचा अहवाल आला होता. अप्रशिक्षित हातांखाली म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात ते त्यातून देशासमोर आलं, आणि डिसेंबर 1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. त्यानुसार किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले निदान 16 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून. शिवाय नर्सिंग होममधल्या रहिवाशाला हात लावण्याआधी जंतुसंसर्ग कसा टाळायचा, घशात घास अडकला तर काय करायचं, बोलायचं कसं, रहिवाशांचे हक्क कोणते, असं 16 तास शिकावंच लागतं. तासांचा हा आकडा केंद्राने ठरवलेला किमान आकडा आहे, राज्यं तो वाढवू शकतात. न्यू जर्सीत 90 तास, टेक्ससमध्ये 100, फ्लोरिडात मान्यताप्राप्त कोर्स 120, कॅलिफोर्नियात 160 आणि मेनमध्ये 180. पुस्तकी भाग बऱ्याच राज्यांत ऑनलाइन करता येतो. प्रत्यक्ष कामाचे तास मात्र कुठेच स्क्रीनवर भरत नाहीत.

‘घरबसल्या सर्टिफिकेट’ म्हणणाऱ्याने ती परीक्षा एकदा बघावी. तिचे दोन भाग असतात. लेखी भाग सोपा आहे, वाचायला अडचण असेल तर तोंडी देण्याचीही सोय आहे. खरी कसोटी दुसऱ्या भागात. परीक्षक समोर, पलंगावर माणूस, आणि वीस-बावीस कौशल्यांपैकी कुठली चार-पाच वाट्याला येतील ते आधी सांगत नाहीत. हात धुणं त्यात हमखास असतं. साबण लावून 20 सेकंद घासायचं, बोटं कोपरापेक्षा खाली ठेवायची, सिंकच्या आतल्या बाजूला हात लागू द्यायचा नाही. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, आणि बऱ्याच राज्यांत परीक्षकाच्या मोजणीपेक्षा चार ठोक्यांहून जास्त फरक चालत नाही. काही पायऱ्या अशा, की त्यातली एक चुकली तरी ते कौशल्य नापास.

उजव्या हातातली ताकद गेलेल्या माणसाला शर्ट घालणं हे त्यातलंच एक. ऐकायला किरकोळ. आधी दारावर टकटक, आपलं नाव सांगायचं, पडदा ओढायचा, कोणता शर्ट हवा ते त्यांनाच विचारायचं. मग आधी दुबळा हात बाहीत, खालून आधार देऊन, न ओढता. नंतर चांगला हात. उतरवताना बरोबर उलटं. लुळा हात सावरायला त्यांच्या स्नायूंत ताकद नसते. घाईत चांगला हात आधी घातला, की उरलेल्या बाहीत दुबळा हात खेचावा लागतो आणि खांदा दुखावतो. ज्यांना धड बोलता येत नाही, ते तेव्हा फक्त डोळे मिटून घेतात. मी हे पाहिलंय. व्हिडिओ बघून हे क्रमाने पाठ करता येईल, पण हाताला वजन कळायला माणूसच लागतो.

‘पन्नासही राज्यांत चालतं’ हेही खोटं. प्रत्येक राज्याची स्वतःची नर्स एड रजिस्ट्री, म्हणजे सीएनएंची नोंदवही, असते आणि नाव त्या-त्या राज्याच्या रजिस्ट्रीत लागतं. रजिस्टर्ड नर्सला अनेक राज्यांत एकाच परवान्यावर काम करू देणारा करार आहे, तो सीएनएला लागू नाही. राज्य बदललं की अर्ज करून नोंद हलवून घ्यावी लागते. सहसा पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, पण जुनी नोंद चालू असली पाहिजे, तिच्यावर छळाचा, हेळसांडीचा किंवा रहिवाशाच्या वस्तू लाटल्याचा ठपका नसला पाहिजे. कॅलिफोर्नियासारखं राज्य बोटांचे ठसेही घेतं. आणखी एक गोष्ट लग्न-बाळंतपणात खंड पडणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवावी: सलग 24 महिने या क्षेत्रातलं पगारी काम केलं नाही, तर नोंद जाते आणि प्रशिक्षण किंवा परीक्षा पुन्हा करावी लागते.

आता ‘भारतात शिकलेल्यांना परीक्षा नाही’. यात कणभर तथ्य आहे, आणि त्यावरच फसवणूक उभी आहे. काही राज्यं परदेशात नर्सिंग शिकलेल्यांची कागदपत्रं तपासून प्रशिक्षणाच्या तासांतून सूट देतात. फ्लोरिडात तर प्रशिक्षण न घेताही परीक्षेला बसता येतं. पण ही सूट प्रशिक्षणातून असते, परीक्षा द्यावीच लागते. आपल्याकडच्या जीडीएच्या, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटच्या प्रमाणपत्रावर अमेरिकेतली कुठलीही रजिस्ट्री थेट नाव चढवत नाही. त्या कोर्समध्ये शिकलेलं हाताला उपयोगी पडतं, एवढंच.

पगाराचं चटकन सांगते. 2023 च्या सरकारी आकडेवारीनुसार सीएनएचा मध्यम वार्षिक पगार साधारण 38,000 डॉलर, म्हणजे तासाला 18 च्या आसपास. 40 चा आकडा धरून घराचं गणित मांडू नका.

व्हिसाचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. एच-4 म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर शिकता येतं, काम करता येत नाही. काम करायला वेगळं वर्क परमिट म्हणजे ईएडी लागतं. जोडीदाराच्या एच-1बी वर ग्रीन कार्डसाठीचा आय-140 हा अर्ज मंजूर असेल तर ते 2015 पासून मिळू शकतं. ते हातात नसताना एखाद्याच्या घरी आजींना सांभाळून रोख पैसे घेतले तरी ते बेकायदा काम ठरतं, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तेच आडवं येतं. भारतातून येऊ पाहणाऱ्या मुलींना कोणी सीएनए म्हणून एच-1बी देतो म्हणाला, तर तिथेच उठा: त्या व्हिसासाठी निदान पदवी लागणारं काम असावं लागतं आणि सीएनएचं काम त्यात बसत नाही. राहिली ईबी-3 मधली, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या एका वर्गातली, ‘अदर वर्कर्स’ची वाट. ती कायदेशीर आहे, पण तिथे भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

‘दोन वर्षांत नर्स’ होण्याची तर पद्धतच नाही. सीएनए म्हणून वीस वर्षं काम केलं तरी नर्सचा परवाना आपोआप मिळत नाही. नर्सिंगचा कोर्स आणि परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा वेगळीच. आणि जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तुम्ही सीएनएच्या फीवर पैसे घालण्याआधी आपली कागदपत्रं तपासून घेऊन थेट एनक्लेक्स-आरएनला, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या परीक्षेला, बसता येतं का ते बघा. तुमची तीन-चार वर्षं शिकून झालेली आहेत. ती खाली उतरवून ठेवायला कोणी सांगत असेल, तर त्यात त्याचा काय फायदा ते विचारा.

उरली फी. मेसेज लिहिणारा हे कधीच सांगणार नाही, की ज्या नर्सिंग होमने तुम्हाला कामावर घेतलंय किंवा प्रशिक्षण सुरू होतानाच नोकरी देऊ केलीय, ते त्या प्रशिक्षणाचे किंवा परीक्षेचे पैसे तुमच्याकडून घेऊ शकत नाही. केंद्राचा नियमच तसा आहे. स्वतःच्या पैशाने कोर्स केला आणि तो पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य-योजनांची मान्यता असलेल्या नर्सिंग होममध्ये नोकरी लागली, तर कामाच्या कालावधीच्या हिशेबाने खर्च परत देण्याची व्यवस्था राज्याने करायची असते. तेव्हा ज्यांच्याकडे कामाचा परवाना आहे त्यांनी आधी जवळच्या दोन-तीन नर्सिंग होमना फोन करून ‘तुम्ही स्वतः प्रशिक्षण देता का’ एवढं विचारावं. खाजगी संस्थेत जायचंच असेल तर तिचं नाव राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः शोधावं, संस्थेने पाठवलेल्या लिंकवर नाही. आणि पावत्या जपून ठेवाव्यात: कोर्सची, पुस्तकांची, परीक्षेची, प्रत्येक.